अपडाऊन, वेचणी आणि एफ.वाय.: वेळ नेमका कुठून काढायचा

एरंडोल तालुक्यातल्या एका मुलाने प्रश्न विचारलाय. थोडक्यात असा: बारावी सायन्सला ७४ टक्के मिळाले, आता जळगावला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, म्हणजे एफ.वाय.ला आहे. रोज अपडाऊन करतो. सकाळी ६.२० ची गाडी, कॉलेज ८ ते ३, घरी पोहोचेपर्यंत ५ वाजतात. मग गुरांचं बघायचं, शेतात चक्कर. रात्री पुस्तक उघडलं की डोळे मिटतात. केमिस्ट्रीच्या पहिल्या इंटर्नलला, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेला, २० पैकी ७ पडले. जर्नलचे, म्हणजे प्रॅक्टिकलच्या वहीतले, पाच प्रयोग लिहायचे राहिलेत. वर्गात कुणाशी फारसं बोलणं होत नाही. शेवटी त्याने लिहिलंय, "सर, मला दिवसाचं पक्कं टाईमटेबल बनवून द्या, मी ते पाळेन."

भाऊ, तुला एकेरीच बोलतो, माझ्या वर्गातल्या मुलासारखा. पंचवीस वर्षं मी केमिस्ट्री शिकवतोय, त्यातली आठ वर्षं वसतिगृहाचा रेक्टरही होतो. तुझ्यासारखी अपडाऊन करणारी मुलं दरवर्षी माझ्या वर्गात निम्म्याच्या आसपास असतात. सुरुवातीची काही वर्षं मीही टाईमटेबल बनवून द्यायचो. पहाटे ४ ला उठणे, ४.३० ते ५.३० फिजिक्स, असं सगळं. मुलं ते वहीच्या मागच्या पानावर चिकटवायची आणि आठवड्याभरात सोडून द्यायची. सुटलं की आणखी खचायची, कारण आता वेळापत्रकही पाळता येत नाही असं त्यांना वाटायचं. मोटार जळाली, गाय व्याली, गाडी आलीच नाही, यातलं काही ना काही दर आठवड्याला होतंच. म्हणून तसं टाईमटेबल मी तुला देणार नाही. पण वेळ कुठे आहे ते दाखवतो.

आधी तुझी अडचण काय आहे ते नीट बघू. तुला वाटतं की तू आळशी झालास. बारावीत रोज अभ्यास व्हायचा, आता का होत नाही? बारावीचं वर्ष आठवून बघ. क्लासचे सर दर रविवारी टेस्ट घ्यायचे. घरात टीव्ही बंद होता. रात्रीची लाईट आली तर वडील स्वतः मोटार चालू करायला जायचे, तुला उठवायचे नाहीत. ते अख्खं वर्ष चार लोकांनी मिळून ओढलं होतं. निकाल लागला आणि सगळ्यांनी एकदम हात काढले. घरच्यांना वाटतं, पोरगं कॉलेजात गेलं, आता मोकळं झालं. म्हणून गुरांचं काम परत तुझ्याकडे आलं. कॉलेजात रोज कुणी वही तपासत नाही. आणि सेमिस्टर जेमतेम पंधरा आठवड्यांचं असतं. "जरा रुळलो की सुरुवात करू" म्हणेपर्यंत त्यातले सहा आठवडे जातात आणि पहिली इंटर्नल येते. तुझ्या सात मार्कांचा अर्थ मला इतकाच दिसतो.

मी स्वतः १९९१ साली शहादा तालुक्यातून धुळ्याला शिकायला आलो आणि पहिल्याच वर्षी मॅथ्सच्या एका पेपरात नापास झालो. बारावीसारखं शेवटी बसून निघून जाईल, असं धरून चाललो होतो. घरी पत्र लिहायचं धाडस झालं नाही, दिवाळीला गेल्यावर आईला सांगितलं. त्यामुळे तुझी रात्रीची अवस्था काय असेल, हे मला ऐकून माहीत नाही, अनुभवाने माहीत आहे.

आता हिशोब करू. दिवस सोड, आठवडा धर, कारण शेतकऱ्याच्या घरात कोणतेही दोन दिवस सारखे नसतात. आठवड्याचे तास १६८. रोज सात तास झोप धरली तर ४९ गेले. झोप कापायची नाही, त्यावर मी अडून आहे. प्रवास, थांब्यावरची वाट पाहणं धरून, रोज साडेतीन तास, सहा दिवसांचे २१. नव्या अभ्यासक्रमात एका क्रेडिटला थिअरीचे १५ तास किंवा प्रॅक्टिकलचे ३० तास असतात. सेमिस्टरला २२ क्रेडिट, त्यात थिअरीचे १४ आणि प्रॅक्टिकलचे ८ असं धरलं तर आठवड्याला कॉलेजचे तास होतात ३०. तुझी विभागणी थोडी वेगळी असेल, पण फार फरक पडणार नाही. जेवणखाण-अंघोळ दिवसाला अडीच तास, म्हणजे साडेसतरा. गुरं आणि शेत दिवसाला दोन तास, म्हणजे १४. सगळ्यांची बेरीज एकशे साडेएकतीस. उरले साडेछत्तीस तास.

साडेछत्तीस ऐकून तुला धक्का बसेल. प्रत्येकालाच बसतो. पण हे तास कुठे पडलेत ते बघ. साधारण बारा रविवारचे, बारा संध्याकाळचे, आणि बारा कॉलेजातच, ८ ते ३ च्या मधले. रविवारचे बारा गावाचे असतात. लग्न, बाजार, फवारणी, पाहुणे. संध्याकाळचे बारा थकलेले असतात. सहा वाजता चक्कीतून पीठ आणायला सांगितलं तर तू नाही म्हणू शकत नाहीस, आणि म्हणूही नयेस. राहिले कॉलेजातले. लेक्चर सुटून प्रॅक्टिकल लागेपर्यंत रोज दोन तास मोकळे जातात. डब्याचा अर्धा तास काढ. उरलेला दीड तास आठवड्याला नऊ होतो. त्या वेळी तू जागा असतोस, पोट भरलेलं असतं, गुरं तीस किलोमीटर लांब असतात आणि लायब्ररी शंभर पावलांवर असते.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: अपडाऊन करणाऱ्याने अभ्यास कॉलेजातच उरकून गाडीत बसावं. घरी जाऊन करू, हे मनातून काढून टाक. घरी झालाच तर तो वरचा.

नऊ तास पुरणार नाहीत. म्हणून आठवड्यातले तीन दिवस, समज सोम-बुध-शुक्र, तीनची गाडी सोडायची आणि पाचनंतरची धरायची. त्याने आणखी सहा तास मिळतात. एकूण पंधरा झाले, म्हणजे थिअरीच्या प्रत्येक तासाला साधारण एक तास तुझा स्वतःचा. पहिल्या वर्षाला इतकं खरोखर पुरतं. उरलेले तीन दिवस तू लवकर घरी जातोस, तेव्हा घरचं काम मनापासून कर. त्या वेळी पुस्तकाची टोचणी नको.

हे घरी सांगावं लागेल, आणि इथेच बहुतेक मुलं अडतात. "मला अभ्यास आहे" असं म्हणू नकोस. ते घरच्यांना मोघम वाटतं, आणि आहेच मोघम. वडिलांसमोर बसून सांग, "सोमवार, बुधवार, शुक्रवार मी सातला येईन. बाकी दिवस धारेच्या आधी घरी असेन." शेतकरी माणसाला पाळी कळते. पाटाच्या पाण्याची पाळी असते, लाईटची असते, तशी ही अभ्यासाची. मी कितीतरी वडिलांशी बोललोय. वार आणि वेळ सांगितल्यावर नाही म्हणणारे फार थोडे भेटले.

अर्थात हे सगळं परिस्थितीवर आहे. तुझ्या गावाला शेवटची गाडी किती वाजता, यावर आहे. मुलींचं गणित वेगळं असतं. उशिराची गाडी घरच्यांना चालत नाही आणि घरी पोहोचल्यावर भाकरीही तिलाच थापायच्या असतात. यावल तालुक्यातली एक विद्यार्थिनी होती, तिला तीनचीच गाडी धरावी लागायची. तिने मधले नऊ तास इतके घट्ट धरले की मैत्रिणी तिला कँटीनला बोलवायच्याच बंद झाल्या. रविवारी सकाळी दोन तास ती गावातल्या मराठी शाळेच्या वऱ्हांड्यात जाऊन बसायची. तिच्याकडे पंधरा नव्हते, अकराच तास होते, आणि त्यात तिने वर्ष व्यवस्थित काढलं. शहरात दुकानात किंवा पंपावर काम करून शिकणाऱ्याचं आणखी वेगळं. पण रीत तीच: आठवडा मोजायचा आणि जे तास दुसरं कुणी मागत नाही ते हेरायचे.

आता त्या दीड तासात करायचं काय? इथे मी जरा रेंगाळतो, कारण लायब्ररीत बसूनही वेळ वाया घालवणारी मुलं मी रोज बघतो. पुस्तक उघडं, हातात हायलायटर, पान पिवळंधमक, आणि विचारलं तर काही सांगता येत नाही.

वही उघडायच्या आधी एक कोरा कागद घे. आज सकाळच्या लेक्चरमध्ये काय झालं ते न बघता लिही. केमिस्ट्रीत बाँडिंग चालू असेल तर हायब्रिडायझेशन म्हणजे काय, मिथेनमध्ये कोणतं, पाण्याच्या रेणूतला कोन १०९.५ न होता १०४.५ अंश का, जे आठवेल ते. पहिल्या दिवशी चार ओळी येतील. मग वही उघड आणि काय सुटलं ते दुसऱ्या शाईने भर. पाण्यासमोर तू नुसतं "लोन पेअर" लिहिलं असशील; त्या दोन जोड्या बाँडच्या जोड्यांना जास्त रेटतात म्हणून कोन आकसतो, हे वाक्य दुसऱ्या शाईत येईल. हा कागद जपून ठेव. परीक्षेआधी दुसऱ्या शाईचं तेवढंच वाचायचं.

हे मी मनाचं सांगत नाही. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा त्यांना सुमारे ४२ टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६. वाचताना येतंय असं वाटतं आणि पेपरात येत नाही, या तुझ्या तक्रारीचं कारण यात आहे. पुन्हा वाचल्यावर पाच मिनिटांनी जे वाटतं, त्यालाच आपण "झालं" म्हणतो.

गाडीत वाचू नकोस. अर्धा रस्ता उभ्याने जातो, वळणावर मळमळतं, डोळे दुखतात. सकाळच्या गाडीत पुस्तक दप्तरातच ठेव आणि कालचं आठव. पाळधी येईपर्यंत एक विषय, बांभोरीजवळ गिरणेचा पूल येईपर्यंत दुसरा. जे अडेल ते तळहातावर एका शब्दात लिही, कॉलेजात पोहोचल्यावर बघ. परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली तर खुशाल झोप. ती झोप वाया गेली असं समजू नकोस.

जर्नलचं वेगळं सांगतो, कारण बी.एस्सी.चा विद्यार्थी बुडतो तो बहुधा जर्नलमध्ये. टायट्रेशन केलं त्याच दिवशी लिहिलं तर पाऊण तासात होतं. ब्युरेटची रीडिंग डोळ्यांसमोर असतात, गुलाबी रंग कधी टिकला ते आठवत असतं. तेच दोन आठवड्यांनी लिहायला बसलं की आधी कच्ची वही शोधायची, मग मित्राचं जर्नल मागायचं, तो घरी गेलेला, रीडिंग जुळत नाहीत, आणि दीड-दोन तास जातात. शिवाय दुसऱ्याचं उतरवलेलं तोंडी परीक्षेत लगेच कळतं. आम्ही विचारतोच की तुझं रीडिंग इतकं नेमकं कसं आलं. तुझे पाच राहिलेत. रोज एक काढायचं ठरवलंस तर नवेही साचत जातील. त्यापेक्षा या आठवड्यात नवीन प्रयोग त्याच दिवशी लिही आणि जुने पाच सोम-बुध-शुक्रच्या पाच पाळ्यांत, पाचच्या गाडीच्या आधीच्या दोन तासांत एकेक करून संपव. लॅबमध्येच बसायला परवानगी माग, लॅब असिस्टंटला सांगितलं तर तो बहुधा नाही म्हणत नाही.

एक गोष्ट आपल्याकडे हमखास होते आणि बाहेरच्या कुणी लिहिलेल्या सल्ल्यात ती नसते: वेचणी. दसरा-दिवाळीच्या सुमारास कापूस फुटतो, मजूर मिळत नाही, घरातली सगळी माणसं शेतात जातात. आणि नेमक्या त्याच महिन्यांत पहिल्या सेमिस्टरची परीक्षा येऊन ठेपते. हा पेच दरवर्षी येतो, तरी दरवर्षी मुलं अचानक आल्यासारखी गांगरतात. दिवाळीच्या सुट्टीत अभ्यास करू, असं धरूच नकोस. त्या सुट्टीत तू शेतात असशील. मनात असं पक्कं कर की जे व्हायचं ते पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत. आज घरी जाऊन भिंतीवरच्या कॅलेंडरवर परीक्षेचा महिना, दुसरी इंटर्नल, सबमिशन आणि वेचणी असं चारही खुणा कर. घरच्यांना दिसेल असं लाव. वेचणीत तू किती दिवस आणि परीक्षेच्या आधी कोणते आठ दिवस मोकळा, हे आत्ताच ठरलं तर तेव्हा वाद होत नाही. दुसऱ्या सेमिस्टरला शेताचा ताण कमी असतो, पण एप्रिल-मे मध्ये जळगावचा पारा ४४-४५ ला जातो आणि पत्र्याच्या घरात दुपारी बसवत नाही. तेव्हा लायब्ररीचा उपयोग आणखी होतो.

रूम करावी का, हे तू विचारलं नाहीस, पण विचारशील. पहिल्या सेमिस्टरमध्ये घाई करू नकोस. प्रवासाचे २१ तास वाचतात हे खरं, पण स्वयंपाक, भांडी, रूम पार्टनरचे मित्र यात ते कुठे जातात कळत नाही. पैशाची अडचण नसेल आणि सोबतचा मुलगा तुझ्याच वर्गातला, अभ्यासू असेल तर दुसऱ्या सेमिस्टरला विचार कर. पैशाची अडचण असेल तर आधी समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहांची चौकशी कर. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी प्रवर्गानुसार स्वाधार, स्वयं आणि सावित्रीबाई फुले आधार अशा योजना आहेत. त्यांना उत्पन्नाच्या आणि गुणांच्या अटी आहेत आणि अर्जाच्या तारखा निघून जातात, म्हणून कॉलेजच्या स्कॉलरशिपच्या खिडकीवर एकदा समक्ष जा.

भरतीच्या मागे लागलेली मुलंही तुझ्या गाडीत असतील. पोलीस शिपाई भरतीला बारावी पास चालतं, त्यामुळे पहाटे ग्राऊंडवर पळणं चांगलंच आहे. अंगाला हितकर आहे. पण एमपीएससीच्या राज्यसेवेला पदवी लागते. ज्या परीक्षेला बसायला अजून वर्षं आहेत, तिच्यासाठी पहिल्याच वर्षी संध्याकाळचा क्लास लावून केमिस्ट्रीत एटीकेटी घेणं, म्हणजे विषय मागे ठेवून पुढे जाणं, मला पटत नाही. दोन्हीकडे अर्धवट राहिलेली हुशार मुलं मी पाहिलीत, आणि त्यांची मला फार हळहळ वाटते.

आता शेवटचं, जे तू एका ओळीत लिहून सोडून दिलंस: वर्गात कुणाशी बोलणं होत नाही. मला तुझ्या सगळ्या प्रश्नात ही ओळ सर्वांत जड वाटली. घरी आपण अहिराणी बोलतो, वर्गात शहरातली मुलं चुरचुरीत मराठी-इंग्रजी बोलतात, आणि आपलं तोंड उघडलं की बोली कळेल म्हणून मूल गप्प बसतं. शंका मनातच राहते. दुसरा धडा पहिल्यावर चढतो, तिसरा दुसऱ्यावर. सात मार्क अभ्यासाच्या वेळेइतकेच या गप्प बसण्यामुळेही पडतात. काही वर्षांपूर्वी एक मुलगा प्रॅक्टिकल संपल्यावर सगळे गेल्यावर थांबला आणि हळूच म्हणाला, "सर, माले समजनं नही." मी त्याला अहिराणीतच मोलॅरिटी समजावली. दहा मिनिटं लागली. पुढच्या वेळी तो वर्गात बोलला.

आपल्या विद्यापीठाला २०१८ पासून बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या घरातल्यांनी उतरवून ठेवल्या म्हणून राहिल्या, आणि त्या ज्या भाषेत आहेत ती आसोद्या-जळगावकडची, शेतातली आणि जात्यावरची बोली आहे. तुझ्या गुणपत्रिकेवर ते नाव असणार आहे. बोलीमुळे तोंड बंद ठेवायचं कारण तुला इथे तरी नाही.

ओळखी कराव्यात म्हणून कुठल्या मंडळात जा असं मी सांगत नाही. तुझ्या प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये आणखी कुणीतरी डबा घेऊन एकटं बसत असेल. त्याच्या शेजारी बस. मधल्या दीड तासात दोघं एकमेकांना तो कोरा कागद तपासून द्या. एक दिवस तुझी गाडी चुकली तर त्याची वही असेल. पहिल्या वर्षी इतकी सोबत पुरते.

आणि या सोमवारी, जर्नल घेऊन बसायच्या आधी, केमिस्ट्रीच्या सरांकडे जा. विभागात साधारण दोनच्या सुमाराला कुणीतरी भेटतंच. "सर, मला इंटर्नलचा पेपर बघायचाय, सात पडलेत," असं सरळ म्हण. पेपर हातात आला की कुठे काहीच लिहिलं नाही आणि कुठे लिहूनही चुकलं, हे वेगळं कर. न लिहिलेलं वेळेअभावी राहिलं असेल. ते वर सांगितल्याप्रमाणे भरून निघेल. लिहूनही चुकलेलं मात्र सरांना तिथेच विचार. ते काय म्हणाले ते मला कळव, मग फिजिक्स आणि मॅथ्सचं बघू.